पंचाने मोडलेलं लग्न

आमच्या ओतूरमध्ये अरबी येणारी मी एकटीच. या गोष्टीचं कौतुक मला चिमूटभर मिळालं आणि चिडवणं पायलीभर. पुण्याला कॉलेजात अरबी घेतली तेव्हा शेजारच्या शीलाकाकूंनी विचारलं होतं, "काय गं यशोधरा, उंटं राखायला जायाचं का?" पुढे अरब देशांतून येणाऱ्या पेशंटांसाठी पुण्यात दुभाषी म्हणून काम केलं, तरी काकूंचा उंट काही बसला नाही. मी चटकन तापते आणि काकूंना ते ठाऊक आहे, म्हणून त्या विचारायचं थांबत नाहीत.

गेल्या वर्षी मला अम्मानच्या एका संस्थेचं काम मिळालं, घरी बसून करायचं. काय काम, हे सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. इंटरनेटवर अरबी मजकुराचे डोंगर आहेत, पण कॉम्प्युटरला त्यात नुसती अक्षरं दिसतात. 'खजूर' हे फळ आहे, ते झाडाला लागतं, त्या झाडाला पाणी लागतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगायचं. एकेका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दांना जोडत जायचा, म्हणजे यंत्राला नुसता शब्द नाही, त्याचं अख्खं गोत कळतं. याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शीलाकाकूंना मी हे अर्धा तास समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे उंटाला शाळंत घालायचं."

आप्पांना मात्र एका वाक्यात कळलं. माझे वडील, चांगदेवआप्पा, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला होते, तिच्या भल्यामोठ्या तबकड्यांची देखभाल करायला. ते म्हणाले, "आमच्याकडं बी तेच व्हतं. येकटी तबकडी म्हंजे नुसतं भांडं. समद्या जोडल्या का मग आभाळ दिसतं." त्यानंतर ते बसस्टँडवर, कटिंगच्या दुकानात, बुद्धविहारात, जिथे जातील तिथे सांगत सुटले की पोरगी अरबांच्या कॉम्प्युटरला शिकवते. मी कितीदा म्हटलं, आप्पा, अजून पक्कं नाही. हे काम चाचणीवर आहे. माझी परीक्षा व्हायची आहे.

परीक्षा घेणार होत्या हनानबाई. त्या या सगळ्या प्रकल्पाच्या प्रमुख. बोलायला मऊ, कामाला कडक. त्यांनी मला शब्दांच्या या जाळ्यातली 'नातीगोती' ही शाखा दिली होती. ही शाखा जमली तर मी कायम. नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाणार आणि मी पुन्हा पुण्याच्या भाड्याच्या खोलीत, दवाखान्याच्या खुर्च्यांवर. मला ओतूर सोडायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला शीलाकाकूंचा तो उंट कायमचा बसवायचा होता.

शाखा मिळाल्यावर मी तर उडीच मारली. इंग्रजीत काय, जो दिसेल तो अंकल. काका अंकल, मामा अंकल, मावशीचा नवरा अंकल, आणि ओळख नसली तरी अंकल. अरबीत तसं नाही. काका म्हणजे अम्म, मामा म्हणजे खाल. आत्या वेगळी, मावशी वेगळी. काकाची मुलगी, मामाची मुलगी, सगळ्या आपापल्या जागी, आपल्यासारख्याच. मला वाटलं, हे तर आपल्या अंगणातलंच आहे. इथे मला कोण शिकवणार?

काम झपाझपा केलं. शब्द जोडले, आणि मग नियम लिहायला घेतले. नियम असे की, आईचा भाऊ तो मामा. वडिलांचा भाऊ तो काका. काकाची मुलं ही बहीणभाऊ. बहीणभावाचं एकमेकांशी लग्न होत नाही. सगळं सरळ. असे नियम लिहिले की एक प्रोग्राम ते तपासतो आणि कुठे एक गोष्ट दुसरीला खोटं पाडत असेल तर लाल अक्षरांत ओरडतो. त्या प्रोग्रामचं खरं नाव लांबलचक आहे. मी त्याला पंच म्हणते.

पंचापुढे मी आधी आमचंच घर ठेवलं. आप्पा, आई, आजोबा, काका, काकांचा मुलगा समाधान, सगळे. समाधान पारगावच्या साखर कारखान्यात आहे. त्याच्या लग्नात करवली म्हणून मीच मिरवले होते आणि नवरीकडच्यांशी मानपानावरून मीच भांडले होते, म्हणजे तो भाऊच, यात पंचालाही शंका आली नाही. माझी आई चिमाबाई ही आप्पांच्या मामाची मुलगी. पंचाने त्यांचंही लग्न बिनबोभाट मान्य केलं. सगळं हिरवं. मी आईला म्हटलं, "तुझं लग्न पास झालं." आई भाकरी थापत होती. म्हणाली, "लई लवकर कळवलं."

परीक्षेचा दिवस शुक्रवारचा, दुपारचा. मी आप्पांना बजावून ठेवलं होतं की कुणालाही बोलवायचं नाही. त्यांनी कुणालाही बोलावलं नाही, फक्त शीलाकाकूंना बोलावलं. आणि समाधान पारगावहून सुट्टी काढून आला होता, पेढे घेऊन. निकालाच्या आधी पेढे. मी दात ओठ खाल्ले, पण कॅमेरा सुरू झाला होता. माझ्यामागे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या खाली पलंगावर एका ओळीत ही चौघं. फोटो काढायला बसल्यासारखी.

पलीकडे हनानबाई त्यांच्या घरीच होत्या. त्यांच्यामागेही एक सोफा, आणि सोफ्यावर हातात कॉफीची इवलीशी कपबशी घेऊन त्यांच्या सासूबाई. म्हणजे आपण एकटेच नाही, हे बघून मला जरा धीर आला. आप्पांनी हात जोडून "जय भीम" घातला. सासूबाईंनी छातीवर हात ठेवून "सलाम" म्हटलं. आप्पा खूश. "माणसं चांगली हैत," त्यांनी जाहीर केलं.

"आमची एक पद्धत आहे," हनानबाई म्हणाल्या. "शाखा तपासताना आपल्या ओळखीची माणसं आत घालायची. मी माझं घर घालते. त्यातलं खरं काय ते मला पाठ आहे. यंत्र चुकलं तर लगेच कळेल."

त्यांनी नावं घातली. आजोबा, त्यांचे मुलगे, नातवंडं. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले. मग त्यांनी पंचाला कामाला लावलं.

पडदा लाल झाला. एक ओळ नव्हे, दोन नव्हे. वरून खालपर्यंत लालेलाल. पहिली ओळ मी वाचली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पंच म्हणत होता: *हनान ही आपल्या नवऱ्याची पत्नी असू शकत नाही. तो तिचा भाऊ आहे.*

हनानबाईंचं लग्न त्यांच्या सख्ख्या काकांच्या मुलाशी झालेलं होतं. सोफ्यावरच्या सासूबाईंचंही तसंच. त्यांच्या सासूचंही तसंच. तिकडे हे अगदी घरचं, जुन्या घरांत आवडीनं केलं जाणारं स्थळ. मला हे माहीत नव्हतं का? होतं. गोष्टींत वाचलं होतं, पेशंटांकडून ऐकलं होतं. पण नियम लिहिताना हात माझा होता आणि हातात ओतूर होतं. माझ्या नियमाने अम्मानमधल्या तीन पिढ्यांची लग्नं एका झटक्यात मोडली होती.

"काय झालं गं?" आप्पांनी मागून विचारलं. "लाल कशापायी?"

मी दातांतल्या दातांत सांगितलं.  मग आईचा आवाज आला, तिला हळू वाटणाऱ्या पण जुन्नरपर्यंत पोचणाऱ्या आवाजात, "अगं बया! चुलत्याच्या पोराशी?"

"तुझी आई काय म्हणते?" हनानबाईंनी विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण दुभाषी म्हणून काम केलेल्या माणसाची जीभ खोट्याकडे वळत नाही. मी सांगितलं. वर हेही सांगितलं, की आमच्याकडे काकांचा मुलगा म्हणजे भाऊच, हा काय, पेढे घेऊन बसलाय. समाधानने पेढ्यांचा बॉक्स कॅमेऱ्याला दाखवला.

सासूबाईंनी कपबशी खाली ठेवली. "मग तुझ्या आईवडिलांचं लग्न कुणी जमवलं?" त्यांनी विचारलं.

"घरातच जमलं. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी."

"मामाची मुलगी चालते?"

"चालते म्हणजे? पहिला मान तिचाच."

सासूबाई हनानबाईंकडे वळल्या. "ऐकलंस? दोन भावांच्या मुलांचं नको म्हणतात, आणि बहीणभावाच्या मुलांचं लग्न लावतात! आणि माझं लग्न मोडायला आल्यात!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. इकडे न कळताच आप्पा हसले, मग आई, मग सगळेच. मी सोडून. हनानबाईही हसत नव्हत्या.

"हसण्यावारी नेता येत नाही, यशोधरा," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि शांतपणेच म्हणाल्या म्हणून मला जास्त लागलं. "ही शाखा उद्या ग्रंथालयं वापरतील, जुन्या घराण्यांच्या नोंदी वापरतील. उद्या कुणाच्या तरी मुलाला यंत्र सांगेल की तुझ्या आईवडिलांचं लग्नच होऊ शकत नाही. असं काम मी पुढे पाठवणार नाही. तासाभरानं परत भेटू. तोवर जमलं नाही, तर मला ही शाखा दुसऱ्याकडे द्यावी लागेल."

पडदा काळा झाला.

मी जी उसळले! आप्पांवर, पेढ्यांवर, समाधानवर. "तूच! तू भाऊ नसतास तर हे झालं नसतं." समाधान बिचारा म्हणाला, "मग काय कमी करतीस का मला?" आणि मला रडू फुटलं. ते रडू रागाचं होतं की भीतीचं, तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज सांगते, भीतीचं होतं. एका तासात माझ्या हातून सगळं जाणार होतं आणि गावभर आधीच सांगून झालं होतं.

उपाय सोपा होता, तीच तर पंचाईत. 'काकाची मुलं ही बहीणभाऊ' ही ओळ खोडायची, बस. पंच गप्प झाला असता. पण ओळीवर बोट ठेवलं आणि ते दाबवेना. ती ओळ खोटी नव्हती. समाधान माझा भाऊ आहे. तो भाऊ नाही असं यंत्राला सांगायचं तर मग जिला कुणी सख्खा भाऊ नाही अशा माझ्यासारखीचं काय? तेही खरं आणि हनानबाईंचं लग्नही खरं. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना खोटं पाडत होत्या.

मागे पलंगावर आई आणि शीलाकाकूंचं सुरूच होतं. पेढ्यांचा बॉक्स उघडला होता.

"चुलत्याच्या पोराशी न्हाई बाई," शीलाकाकू म्हणत होत्या. "आमच्यात तर वाळीतच टाकत्याल."

"आमच्यात बी न्हाई," आई म्हणाली. "पर आमच्यात मामाची पोरगी म्हंजे हक्काची."

"आमच्यात आता मामाची बी करत न्हाईत फारशी. डॉक्टर नको म्हणत्यात."

"त्यांच्यात चालत आसंल. ज्याच्या त्याच्यात."

मी वळून बघितलं. "काकू, काय म्हणालात?"

"म्या काय म्हनलं? पेढा चांगलाय म्हनलं."

"त्याच्या आधी!"

"आमच्यात चालत न्हाई म्हनलं. का, उंटाला राग आला व्हय?"

आमच्यात. जन्मभर ऐकत आले होते. आमच्यात लसूण आधी घालतात. आमच्यात हळदीला असं करत नाहीत. आमच्याकडे कुणीही कुठलाही नियम सांगायला लागला की पहिला शब्द हाच. आणि मी, अख्ख्या अरबी भाषेची नाती जोडायला बसलेली शहाणी, नेमका तेवढा शब्द सोडून नियम लिहून मोकळी झाले होते. माझा नियम म्हणत होता, काकाची मुलगी ही बहीण. कुणाच्यात? ते कुठेच नव्हतं. बिचाऱ्या पंचाने तो जगाला लावला.

मग हात थांबले नाहीत. रक्ताचं नातं एका बाजूला काढलं: कोण कुणाच्या पोटचं, एवढंच. ते ओतूरला आणि अम्मानला सारखंच. त्याच्या शेजारी नवी शाखा उघडली, 'रिवाज'. त्यात कोण कुणाला कोण मानतो, कोण कुणाशी लग्न करतो, कोण कुणाला काय हाक मारतो. आणि प्रत्येक नियमाच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली: हा कुणाच्यातला. समाधानला मी खोडलं नाही. त्याला 'आमच्यात' नेऊन बसवलं आणि चिठ्ठीवर ओतूर लिहिलं.

पडदा उजळला तेव्हा सासूबाई आधीच पुढे सरकून बसल्या होत्या. हनानबाईंनी पंचाला पुन्हा कामाला लावलं. मी डोळे मिटून घेतले. आप्पांनी मात्र उघडे ठेवले होते. "हिरवं!" ते ओरडले. "हिरवं झालं!"

हनानबाईंनी एकेक ओळ वाचली. त्यांच्या आजीचं लग्न, सासूबाईंचं लग्न, त्यांचं स्वतःचं. मग आमच्या घरात गेल्या. आप्पा आणि आई, हिरवे. मी आणि समाधान, ओतूरच्या रिवाजाने बहीणभाऊ. 

"रक्त आणि रिवाज वेगळे," शेवटी त्या म्हणाल्या. "आमच्याकडे या टेबलाभोवती सगळी अरबी माणसं बसतात. काकांच्या मुलाशी लग्न हा नुसता रिवाज आहे, हेच आम्हाला कधी दिसलं नसतं. आम्हाला तो नियमच वाटतो." आणि मग त्या पहिल्यांदा हसल्या. "माझं लग्न परत दिल्याबद्दल आभार. ही शाखा तुझी. नवीसुद्धा तुझी. आता चाचणी नाही."

मला इतका आनंद झाला की मी ते मराठीत सांगायलाच विसरले. आप्पा मागून खांदा हलवत होते, "काय म्हणली? काय म्हणली?" सांगितलं, तेव्हा समाधानने शिट्टी मारली आणि आप्पांनी उपरणं तोंडाला लावलं. शीलाकाकू उठून आल्या, माझ्या गालांवरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "गेला बाई उंट शाळंत."

हनानबाईंना आप्पांचे डोळे दिसले असावेत. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि थेट त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "मब्रूक, या अम्मी."

"काय म्हणत्यात?"

"अभिनंदन म्हणतायत. आणि तुम्हाला 'अम्मी', म्हणजे माझे काका, म्हणाल्या. तिकडे मोठ्या माणसाला मानानं तसं म्हणतात."

आप्पा सरळ होऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर विचार चाललेला मला दिसत होता, आणि आता हे काहीतरी बोलणार हेही कळत होतं.

"काका म्हणली ना? मग इचार त्यांना," आप्पा म्हणाले, "आपल्यात काकाची पोरगी कोण लागती?"

मी विचारलं. हनानबाईंनी ओतूरचा रिवाज पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी मान हलवली आणि त्यांची बोटं चालू लागली. पडद्यावर त्यांनी एकच ओळ घातली: *हनान चांगदेवला काका म्हणते.* पुढे रिवाज लिहिला, ओतूरचा. आणि पंचाला कौल मागितला.

पंचाने जराही वेळ घेतला नाही. हिरव्या अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, एक ओळ उमटली. ती मी त्याला शिकवली नव्हती, हनानबाईंनीही नाही. त्याची त्यानेच काढली. ती हनानबाईंनीच मोठ्याने वाचली आणि मग मी मराठीत सांगितली: "हनान, यशोधराची बहीण."

 सासूबाई डोळे पुसत होत्या. सख्खं भावंड नसलेल्या मला दुपारी एक भाऊ खोडावा लागणार होता आणि तिन्हीसांज व्हायच्या आत एक बहीण जास्तीची मिळाली होती.

आई पलंगावरून उठली. "थोरली लेक पयल्यांदा म्हायेराला यायची, तर साडी लागंल," ती म्हणाली. "तिला रंग कोणचा आवडतो, तेवढं इचार."

मी विचारलं. निळा, हनान म्हणाली. मी ते मराठीत सांगेपर्यंत आईने कपाट उघडलंसुद्धा होतं.